मानवी हक्कांच्या बातमीची पुरस्कार-प्रवेशिका : मराठवाड्यातल्या वार्ताहरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मराठवाड्यात मानवी हक्कांवरचं बरंचसं काम तालुक्याचा वार्ताहर करतो. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं दुखणं, तांड्यावरचा बालविवाह, मैल्याच्या टाकीत गुदमरून गेलेला मजूर, आत्महत्येनंतर 'अपात्र' ठरलेलं शेतकऱ्याचं घर. असे विषय आधी जिल्हा आवृत्तीत येतात, मग पुण्या-मुंबईत पोचतात, मग दिल्लीत. पुरस्कारांच्या यादीत मात्र शेवटी पोचलेल्यांचीच नावं जास्त असतात. कामाच्या दर्जापेक्षा कागदाची अडचण इथे मोठी आहे. पूर्ण पानाची पीडीएफ नाही, बातमीवर नाव नाही, भाषांतर आदल्या रात्री उरकलेलं, परिणामाचा एकही पुरावा नाही, अशी प्रवेशिका परीक्षकांसमोर जाण्याआधीच छाननीत गळते.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. प्रवेशिका पाठवणं म्हणजे तीच बातमी पुन्हा प्रसिद्ध करणं, आणि तेही पहिल्यापेक्षा कितीतरी मोठ्या वर्तुळात. जिल्हा आवृत्तीत आलेली बाई आता संकेतस्थळावर, स्मरणिकेत, समारंभाच्या पडद्यावर येणार असते. तेव्हा तिची सुरक्षितता पुन्हा तपासणं हे प्रवेशिकेचंच काम आहे. म्हणून खाली त्यावर सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

पाठवायचं कुठे

सुरुवात घरापासून करा. राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कारांत राज्यस्तरीय मराठी पुरस्कार बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने आहे, तर मराठवाड्याचा विभागीय पुरस्कार 'दैनिक मराठवाडा'चे संपादक अनंतराव भालेराव यांच्या नावाने. विहित नमुना आणि अर्ज स्वीकारण्याची तारीख जिल्हा माहिती कार्यालयात कळते. या नियमांत 'मानवी हक्क' हे शब्द शोधत बसू नका. तुमचं काम लोकांच्या प्रश्नाचा सलग पाठपुरावा म्हणून मांडा.

बाईच्या हक्कांवर, मुलींच्या शिक्षणावर किंवा गर्भलिंगनिदानावर काम असेल, तर मुंबईच्या पॉप्युलेशन फर्स्ट संस्थेचे लाडली माध्यम पुरस्कार पाहा. ते लिंगभाव-संवेदनशील पत्रकारितेसाठी आहेत आणि भारतीय भाषांतलं काम तिथे घेतलं जातं. आपल्या भागाला हा विषय जवळचा आहे. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. रामनाथ गोएंका पुरस्कार २००६पासून दिले जातात आणि त्यांत प्रादेशिक भाषांसाठी गट असतो. भारतीय पत्रकार परिषद (प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया) १६ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय पत्रकार दिनाला पुरस्कार देते, त्यांत ग्रामीण पत्रकारितेचा विचार होतो. प्रेस इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती मिळून मानवतावादी विषयावरच्या लेखांना पुरस्कार देतात.

चित्रफीत करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची लघुपट स्पर्धा आहे. ती २०१५पासून चालते. ३ ते १० मिनिटांची चित्रफीत लागते. कोणतीही भारतीय भाषा चालते, पण इंग्रजी उपशीर्षकं हवीत. पहिलं बक्षीस २ लाखांचं आहे.

परदेशी पुरस्कारांच्या बाबतीत आपण पात्र आहोत का, हे सगळ्यात आधी पाहावं. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या ब्रिटन शाखेचे माध्यम पुरस्कार १९९२पासूनचे आणि मोठ्या मानाचे, पण ते ब्रिटनमध्ये प्रसिद्ध किंवा प्रसारित झालेल्या कामासाठी आहेत. मराठी दैनिकातली बातमी तिथे पाठवून उपयोग नाही. आशियासाठीचे ह्यूमन राइट्स प्रेस अवॉर्ड्स १९९५मध्ये हाँगकाँगला सुरू झाले. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याच्या सावटाखाली तिथल्या परदेशी पत्रकारांच्या क्लबने २०२२मध्ये ते थांबवले. २०२३पासून ह्यूमन राइट्स वॉच आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचं वॉल्टर क्रॉन्काइट स्कूल ते चालवतात. तिथला भाषेचा नियम अर्ज उघडण्याआधीच वाचून घ्या. सिएरा लिओनमध्ये २००० साली मारले गेलेले वार्ताहर कर्ट शॉर्क यांच्या नावाच्या पुरस्कारांत स्थानिक वार्ताहरांसाठी गट आहे. बाहेरच्या पत्रकारांना वाट दाखवणाऱ्या, भेटी घडवून आणणाऱ्या आणि दुभाषाचं काम करणाऱ्या स्थानिक सहकाऱ्यांसाठीही तिथे वेगळा गट आहे. दुष्काळात किंवा ऊस हंगामात दिल्लीहून आणि परदेशातून आलेल्या चमूंना आपल्याकडचे कितीतरी पत्रकार अशी मदत करतात, पण त्यांचं नाव कुठेच येत नाही. असं काम करताना श्रेयनामावलीत नाव येईल हे आधीच ईमेलवर ठरवून घ्या.

पुरस्कार विकणाऱ्या मंडळींपासून जपा. नुसतं प्रवेश शुल्क आहे म्हणून शंका घेऊ नका, काही खऱ्या स्पर्धाही शुल्क घेतात. परीक्षकांची नावं कुठे जाहीर आहेत का, मागच्या वर्षी विजेती ठरलेली बातमी वाचायला मिळते का, आणि निवड झाल्याचं कळवल्यावर 'सन्मानचिन्हाचा खर्च' किंवा जाहिरात मागतात का, या तीन प्रश्नांत बहुतेक बनावट पुरस्कार उघडे पडतात.

बातमीतला हक्क ओळखा

दुःखाची हकिगत आणि हक्काची बातमी यांत फरक आहे, आणि परीक्षक तो पहिल्या पानावर ओळखतात. कोणता हक्क नाकारला गेला, तो देण्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची होती, आणि काम कोणत्या पायरीवर अडलं, ही तीन उत्तरं तुमच्या बातमीत हवीत.

शेतकरी आत्महत्येची बातमी घ्या. घरातला आकांत सगळेच लिहितात. पण २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. पात्र ठरण्यासाठी कुटुंबाच्या नावावर जमीन आणि बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज पाहिलं जातं. मग बटईने रान कसणाऱ्याचं काय? गावातल्या विनापरवाना सावकाराकडून पैसे उचललेल्याचं काय? जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे आलेली प्रकरणं, त्यातली अपात्र किती, आणि प्रत्येकात लिहिलेलं कारण कोणतं, हे मिळालं की एका घराची गोष्ट हक्काची बातमी होते. तिला कागदाचा आधार मिळतो.

तो कागद माहिती अधिकारात मिळवा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क आहे, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती देणं बंधनकारक आहे, अर्जाच्या वरच तसं ठळक लिहा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांच्या आत २० रुपयांच्या शुल्कासह पहिलं अपील करा. अर्ज फेटाळले जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे 'सविस्तर माहिती मिळावी' अशी मोघम मागणी. त्याऐवजी कागदाचं नाव लिहा : अमुक ते अमुक या काळातल्या समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, प्रकरणनिहाय निर्णय आणि कारण. आणि कागद हातात नसला, तरी अर्जाची पोच जपून ठेवा. माहिती दडवली गेली हेही प्रवेशिकेत दाखवता येतं.

विषयाचा कायदा जवळ असू द्या. वेठबिगारीसाठी १९७६चा, अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारासाठी १९८९चा, गर्भलिंगनिदानासाठी १९९४चा, बालविवाहासाठी २००६चा, मुलांच्या शिक्षणासाठी २००९चा, आणि हाताने मैला साफ करण्याच्या बंदीसाठी २०१३चा. गटारात उतरून मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलं आहे. मृत मजुराच्या घरी किती पोचले, हा एकच प्रश्न धरून वर्षभराचा पाठपुरावा होऊ शकतो.

फाइल बातमीच्या दिवशीच लावा

बातमी छापून आली त्या दिवशी चार गोष्टी जपा : पूर्ण पानाची पीडीएफ, छापील अंकाच्या दोन प्रती, ई-पेपरचा दुवा आणि त्या दुव्याची इंटरनेट अर्काइव्हवर जपलेली प्रत. नुसतं कात्रण पुरत नाही, कारण त्यावर दैनिकाचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक नसतो. ई-पेपरचे जुने अंक कधी पैशामागे जातात, कधी नाहीसेच होतात. मार्चमधली बातमी पुढच्या जानेवारीत शोधायला निघालात तर हाती काहीच लागणार नाही.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे 'प्रतिनिधी, बीड' किंवा 'वार्ताहर, सेलू' अशी बिननावाची बातमी. तशी बातमी आली तर संपादकांकडून पत्र घ्या आणि त्यात मथळा, तारीख, आवृत्ती, पान क्रमांक, आणि 'ही बातमी आमचे वार्ताहर अमुक यांनी मिळवली व लिहिली' हे वाक्य असू द्या. हे पत्र त्याच महिन्यात मागा. वर्षअखेरीस संपादक बदललेले असतात, किंवा तुम्ही ते दैनिक सोडलेलं असतं. दोन आवृत्त्यांत बातमी वेगवेगळ्या दिवशी आली असेल तर दोन्ही तारखा नोंदवा. नाहीतर अर्जातली आणि जोडपत्रातली तारीख जुळत नाही आणि छाननीत शंका निघते.

तिसरी अडचण अक्षरांची. अनेक दैनिकांची पानं अजून जुन्या बिगर-युनिकोड टंकांत लागतात. अशा पीडीएफमधून मजकूर उचलला तर नुसती चिन्हांची खिचडी निघते, आणि भाषांतरकाराला किंवा परीक्षकांना त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून बातमीचा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा टंकून ठेवा. छापून आलेलाच मजकूर घ्या. डेस्कने (संपादन विभागाने) कापलेला परिच्छेद त्यात परत घुसवला, तर ती फेरफार केलेली प्रवेशिका ठरते.

फोटो आणि चित्रण मूळ कार्डावरून थेट उतरवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबला जातो आणि तो कधी, कशाने काढला ही आतली नोंद निघून जाते. डेस्कला पाठवायला व्हॉट्सॲप चालेल, जपून ठेवायला नाही.

पुन्हा विचारा, आणि ओळख पुन्हा तपासा

बातमीसाठी दिलेली संमती पुरस्कारासाठी आपोआप चालत नाही. अर्ज भरण्याआधी बातमीतल्या माणसाला भेटा किंवा फोन करा. ऊसतोड कुटुंब असेल तर दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात, त्याप्रमाणे वेळ ठरवा. फडावर, म्हणजे तोडणीच्या रानात, टोळी नेणाऱ्या मुकादमासमोर हे बोलणं काढू नका. ज्याच्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली आहे त्याच्यासमोर कुणी 'नको' म्हणू शकत नाही.

काय सांगायचं तेही नेमकं असू द्या. "ताई, मागं तुमच्यावर जी बातमी आली होती, ती मी दिल्लीच्या एका स्पर्धेला पाठवणार आहे. तिथं ती इंग्रजीत वाचतील, मोबाइलवर कुणालाही दिसेल, निवड झाली तर फोटोही लावतील. तुम्हाला नको असेल तर पाठवत नाही. फोटो काढून पाठवायचा असेल तर तसंही करता येतं." मग थांबा. लगेच उत्तर मागू नका, दोन दिवसांनी पुन्हा फोन करा. होकार मिळाला तर आवाजाची छोटी नोंद ठेवा. अंगठ्याचा कागद घेण्यापेक्षा ती बरी, कारण काय सांगितलं आणि काय समजलं हे दोन्ही त्यात राहतं. बक्षिसातला वाटा देण्याचं आमिष या बोलण्यात आणू नका. त्याने होकाराचा अर्थच बदलतो.

काही ठिकाणी संमती असली तरी नाव देता येत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, शेजार यांपैकी काहीही उघड करायला पॉक्सो कायद्याच्या कलम २३ने मनाई आहे. आईबापांनी परवानगी दिली तरीही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या प्रत्येक बालकाला संरक्षण देतं, त्यात आरोपी मूलही आलं. बलात्कारातल्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ने झाकली आहे, आणि ती हयात नसली तरी ओळख उघड करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बजावलं आहे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांत देता येत नाही. हे सगळं प्रवेशिकेलाही लागू आहे असं धरूनच चाला.

कायद्याच्या पुढची अडचण गावाची आहे. नाव बदललं तरी तपशिलांची बेरीज माणूस ओळखून देते. 'तांड्यावरची बारावी झालेली एकमेव मुलगी', 'सरपंचाच्या भावकीतली', 'दोन जुळ्या मुली असलेली, नवरा ट्रॅक्टर चालवणारा', यातलं कुठलंही एक वाक्य पुरतं. चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीत वय आणि अपत्यांची संख्यासुद्धा जास्त होते. प्रवेशिकेचा मजकूर त्या गावच्या माणसाच्या नजरेने एकदा वाचा, आणि ओळख पटवणारा तपशील काढून त्याच्या जागी तालुका किंवा जिल्हा ठेवा. मूळ बातमीतच चूक झाली असेल, तर ती बातमी स्पर्धेला पाठवू नका. आधी संकेतस्थळावरची प्रत दुरुस्त करून घ्या.

मग फाइल आतून तपासा. इथे अनुभवी माणसंही घसरतात. फाइलच्या नावात पीडितेचं नाव राहतं. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत मूळ मथळा राहतो. एफआयआरच्या पीडीएफवर काळी पट्टी ओढलेली असते, पण तिच्याखालचा मजकूर कॉपी केला की सगळं वाचता येतं. अशा कागदाची प्रत छापा, नाव मार्करने झाका, झाकलेल्या प्रतीची झेरॉक्स काढा आणि तीच झेरॉक्स स्कॅन करा. नुसता मार्कर मारलेला कागद उजेडात धरला की खालची अक्षरं दिसतात. ड्राइव्हचा दुवा देताना फक्त प्रवेशिकेचं फोल्डर उघडं ठेवा. कच्च्या चित्रणाच्या फोल्डरचा दुवा चुकून गेला तर चेहरे बाहेर पडले म्हणून समजा.

आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचं वर्णन, घटनास्थळाचा तपशील आणि फोटो टाळावेत, असं भारतीय पत्रकार परिषदेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जबाबदार परीक्षक हे पाहतातच.

भाषांतर

इंग्रजी भाषांतर लागणार असेल तर निदान १५ दिवस हाताशी ठेवा. यंत्राने केलेलं भाषांतर कच्चा मसुदा म्हणून चालेल, पण ते तसंच पाठवू नका. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. यंत्र त्याचं अवजार करतं आणि 'एका अवजाराला लाखाची उचल' असं निरर्थक वाक्य परीक्षकांपुढे जातं. उचल, खाडा, मुकादम, कोपी (मजुरांची झोपडी), फड हे शब्द मूळ रूपातच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा. खाडा म्हणजे कामावर न आलेल्या दिवसाची कापणी, हे कळल्याशिवाय आजारपणातही बाई फडात का जाते ते कळत नाही, आणि त्या बातमीचा गाभाच हातचा जातो.

भाषांतरात बातमी सजवू नका. मूळ 'सांगितलं' असेल तर 'रडत सांगितलं' करायचं नाही. परिच्छेदांना क्रमांक द्या, मराठी आणि भाषांतर दोन्हीकडे तेच ठेवा, म्हणजे मराठी जाणणाऱ्या परीक्षकाला ताडून पाहता येतं. शेवटी भाषांतर कुणी केलं ते लिहा आणि 'मूळ मजकुराशी प्रामाणिक आहे' असं पत्र जोडा. जवळच्या महाविद्यालयातले इंग्रजीचे प्राध्यापक हे काम चांगलं करतात, फक्त त्यांच्याशी ऊसतोडीच्या शब्दांवर तासभर बसावं लागतं.

चित्रफीत आणि ध्वनी

वाहिनीवर किंवा यूट्यूबवर गेलेल्या कामासाठी प्रसारित झालेली अंतिम फाइल, प्रसारणाची तारीख-वेळ सांगणारं वाहिनीचं पत्र, आणि वेळेच्या नोंदीसह पूर्ण संहिता लागते. संहितेत बाईट (मुलाखतीतला तुकडा) कुणाचा, निवेदन कुणाचं हे वेगळं दाखवा. इंग्रजी उपशीर्षकं दोनच ओळींची, एका ओळीत साधारण ४० अक्षरं, आणि पडद्यावर निदान दीड-दोन सेकंद थांबणारी हवीत. आपल्याकडची माणसं भरभर बोलतात, सगळं शब्दशः टाकलं तर परीक्षक चित्र बघणं सोडून वाचत बसतो. अर्थ धरून आटोपशीर लिहा. मराठी उपशीर्षकं देत असाल तर संकलनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. फाइल बाहेर काढल्यावर दुसऱ्या यंत्रावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा.

चेहरा झाकताना चौकटीतल्या बाकीच्या गोष्टीही पाहा : घराचं दार, अंगणातल्या गाडीचा क्रमांक, रेशन दुकानाची पाटी, हातावरचं गोंदण. धूसर केलेला चेहरा अंतिम फाइलमध्ये पक्का बसवा, आणि माणूस हलतो तिथे एकेक चौकट थांबवून तपासा. अर्धा सेकंद चेहरा उघडा राहिला तरी तो थांबवून टिपता येतो. आवाजाची पट्टी बदलणं पुरेसं नाही, ती उलट फिरवता येते. धोका मोठा असेल तर तेच शब्द दुसऱ्या बाईच्या आवाजात घ्या आणि तसं पडद्यावर लिहा.

रेडिओचं थोडक्यात. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे तिथलं काम 'बातमी' गटात न टाकता माहितीपर कार्यक्रम किंवा रूपकाच्या गटात टाका.

टिपण आणि परिणामाचे कागद

बहुतेक अर्जांत ३००-५०० शब्दांचं टिपण मागतात. त्यात बातमी पुन्हा सांगू नका, ती जोडलेलीच आहे. प्रश्न कुणाचा आणि किती मोठा, माहिती कशी मिळवली, कोणते अडथळे आले, माणसांची सुरक्षितता कशी जपली, आणि पुढे काय घडलं, एवढंच लिहा.

'आमच्या बातमीने प्रशासनात प्रचंड खळबळ उडाली' हे वाक्य वाया गेलेलं आहे. त्याच्या जागी समजा असं लिहिलं : 'बातमी १२ जानेवारीला आली. १९ जानेवारीला तहसीलदारांनी वस्तीवर पंचनामा केला, जोडपत्र ३. ४ फेब्रुवारीला २२ मुलांना हंगामी वसतिगृहात प्रवेश मिळाला, जोडपत्र ४. गेल्या हंगामातली थकीत मजुरी अजून मिळालेली नाही.' शेवटचं वाक्य कमीपणा म्हणून गाळू नका. काय झालं नाही हे सांगणाऱ्या टिपणावर विश्वास बसतो.

परिणामाचे कागद म्हणजे पंचनामा, निलंबनाचा किंवा बदलीचा आदेश, शासन निर्णय, विधिमंडळातल्या प्रश्नाचं छापील उत्तर, आयोगाने घेतलेली दखल, खंडपीठाचा आदेश. प्रत्येकाची तारीख तुमच्या बातमीनंतरची हवी. एकट्याचं श्रेय सांगताना हात आखडा. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९मध्ये गाजल्या, त्यामागे अनेक वार्ताहर आणि कार्यकर्त्या होत्या. राज्याने समिती नेमली, ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अशा प्रकरणात 'या वार्तांकनातला आमचा वाटा एवढा' असं मोजून सांगणाऱ्याचं वजन जास्त पडतं.

दबाव आला असेल, धमकी आली असेल तर तक्रारीची पोच जोडा. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१७चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली गुन्हा नोंदला असेल तर क्रमांक द्या. कागद नसेल तर एका वाक्यात सांगून पुढे जा.

पाठवताना

शेवटच्या दिवशी पाठवू नका. भारनियमन, ढेपाळलेलं इंटरनेट, आणि ऐनवेळी 'फाइल मोठी आहे' असा संदेश, हे ठरलेलंच. पीडीएफ किती एमबीची चालते ते आधी पाहा आणि स्कॅन करतानाच तेवढी ठेवा. नंतर दाबलेल्या पानावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. परदेशी स्पर्धेची वेळ त्यांच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडनची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९, पण हाँगकाँगची ११:५९ म्हणजे त्याच रात्रीचे ९:२९. पोचल्याचा ईमेल आला नाही तर दुसऱ्या दिवशी विचारा. टपालाने पाठवायचं असेल तर स्पीड पोस्टची पावती फाइलला लावा.

मालिकेसाठी किती भाग चालतात हेही पाहा. तीन सांगितले असताना सात जोडले तर कुठले तीन वाचायचे हे दुसरा कुणीतरी ठरवतो. सोबत काम केलेल्या छायाचित्रकाराचं आणि दुसऱ्या तालुक्यातल्या सहकाऱ्याचं नाव अर्जात घाला. एकदा अर्ज गेला की ते वाढवता येत नाही.

निकालानंतर

निवड झाली तर चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागणारच. त्यावर बातमीचं कात्रण किंवा पीडितांचा फोटो छापला जाऊ नये, हे मित्रमंडळींना आधीच सांगून ठेवा. ज्या बाईचं नाव दोन वेळा तपासून झाकलं, तिचा चेहरा सत्काराच्या फ्लेक्सवर येणं अक्षम्य आहे. समारंभात दाखवायची चित्रफीत आयोजक स्वतः कापतात, ती आधी बघायला मागा. बातमीतल्या कुटुंबाला निकाल तुम्हीच कळवा. इतर वाहिन्या त्यांच्या दारात जाण्याआधी तो फोन गेला पाहिजे, आणि बोलायचं नसेल तर नकार देता येतो हेही त्याच फोनवर सांगा.

निवड झाली नाही तर फाइल मोडू नका. युनिकोड मजकूर, भाषांतर, संमतीची नोंद आणि जोडपत्रं तशीच दुसऱ्या स्पर्धेला चालतात, पण प्रत्येक नव्या अर्जाआधी संमती पुन्हा विचारावी लागेल. आणि प्रकरण कुठवर आलं ते पाहा. अपात्र ठरलेल्या कुटुंबाचा फेरविचाराचा अर्ज, थकीत मजुरी, गटारात गेलेल्या मजुराच्या घरच्यांचे ३० लाख. दर तीन महिन्यांनी त्या टेबलावर जाऊन विचारा आणि मिळालेलं उत्तर तारखेसह त्याच फाइलला लावा.